अण्णांच्या कॅसेटी आणि उतरलेला पंचम (प्रकल्प नोंदी)

१३ एप्रिल २०२५, रविवार

आजपासून तारीख घालून लिहिते. गेल्या महिन्यात कुठली वायर कुठे लावून पाहिली याचा पत्ता राहिला नाही आणि दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

काम असं आहे. अण्णांच्या १३८ कॅसेटी. काही आकाशवाणी पणजीवरून भरलेल्या, काही बांदोडा, म्हार्दोळ, कवळे इथल्या देवळांतल्या बैठकींच्या. बऱ्याचशा त्यांच्या गुरुजींच्या. गुरुजींच्या मागे अण्णा तीस वर्षं तंबोऱ्यावर बसले, अडलं तर तबल्यावरही. गेल्या दोन पावसाळ्यांत बुरशीने अकरा कॅसेटी खराब झाल्या तेव्हा मला जाग आली. आजवर ९१ उतरवून झाल्या, ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), २४ बिटवर. ९६ वर भर म्हणून दोघातिघांनी सांगितलं होतं. पण कॅसेटच्या फितीवर इतकं वरचं काही उरलेलं नसतं, आणि ४८ मध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं. तासाला साधारण १.०४ जीबी, फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल लहान करायची पद्धत) केल्यावर त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास.

आता हे ऐकायचं कशावर? काचबिंदूमुळे अण्णांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. टेपरेकॉर्डर त्यांना हाताने चालवता यायचा: झाकण उघडायचं, कॅसेट घालायची, बटण दाबायचं. कॅसेटींच्या फाइली झाल्यापासून प्रत्येक वेळी मला हाक मारावी लागते. हाक मारायला त्यांना आवडत नाही, म्हणून ते ऐकणंच सोडून देतात. हे मला फार लागलं आहे.

रस्ते दोन. घरचा जुना लॅपटॉप डॅकला (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्राला) कायमचा जोडून ठेवायचा, किंवा फक्त संगीत वाजवणारा स्ट्रीमर घ्यायचा. भारी यंत्रणा बाळगणाऱ्या लोकांत यावरून कडाक्याची भांडणं आहेत. मडगावचे डॉक्टर (अण्णांचे जुने स्नेही, घरात लाखांची यंत्रणा) म्हणतात की संगणकाचा आवाज कोरडा असतो. माझं फोंड्यात इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्तीचं दुकान आहे. कोरडा म्हणजे काय ते मला मीटर लावून बघायचं आहे. मुदत चवथीपर्यंत (गणेश चतुर्थी).

२० एप्रिल

लॅपटॉपपासून सुरुवात, कारण तो घरात पडून आहे. फुबार२००० हा संगीत वाजवायचा प्रोग्राम घातला.

विंडोज नेहमीच्या पद्धतीत सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एका मिक्सरमध्ये एकत्र करतं आणि सेटिंगमध्ये ठरलेल्या एकाच दराने बाहेर काढतं. सेटिंग ४८ वर असेल आणि सीडीवरून घेतलेली ४४.१ ची फाइल लावली, तर तिचे सगळे नमुने नव्याने मोजले जातात. वासापीचा (विंडोजची आवाज बाहेर पाठवायची व्यवस्था) एक्सक्लुझिव्ह मोड निवडला की मिक्सर बाजूला होतो आणि फाइलमधले आकडे जसेच्या तसे डॅकपर्यंत जातात. लॅपटॉपला नावं ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी हे एक सेटिंग बदललेलं असतं, असा प्रश्न मला पडतो.

आकडे खरंच जसेच्या तसे जातात का, हे तपासायची जुनी युक्ती वापरली. डीटीएसमध्ये (होम थिएटरच्या पाच स्पीकरांसाठीची पद्धत) भरलेली फाइल साध्या स्टिरिओ वेव्ह फाइलच्या रूपात ठेवता येते. ती यूएसबीतून ऑप्टिकल करणाऱ्या डबीमार्फत शेजाऱ्यांच्या होम थिएटरच्या रिसीव्हरला दिली. आकड्यांना हात लागला नसेल तर रिसीव्हर ओळखतो आणि पाच स्पीकरांतून संगीत येतं. हात लागला असेल तर नुसती खरखर.

नेहमीच्या मोडमध्ये खरखर. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये संगीत. मग मुद्दाम फुबारचा आवाज एक टिचकी खाली आणला, की लगेच खरखर.

हे काम फत्ते. योग्य लावलेला लॅपटॉप आकडे बिघडवत नाही.

२७ एप्रिल

आजचा दिवस विसरणार नाही.

लॅपटॉप, यूएसबीने डॅक, मग ॲम्प्लिफायर, सगळं दिवाणखान्यात मांडलं. अण्णांना त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि म्हार्दोळच्या बैठकीची फाइल लावली. गुरुजींचा सूर काळी एक. सुरुवातीला अर्धा मिनिट नुसता तंबोरा आहे. अण्णांच्या कपाळाला आठी पडली.

"पंचम उतरलाय," ते म्हणाले. "कोणी लावला हा तंबोरा?"

त्या दिवशी तंबोरा त्यांनीच लावला होता. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, उतरवताना माझ्याकडून वेग चुकला. पण मग सगळेच सूर उतरले असते, षड्जही. अण्णा म्हणाले, षड्ज ठीक आहे, जोड (मधल्या दोन तारा) छान मिळाली आहे, नुसता पंचम खाली आहे आणि तो झुलतो आहे.

मी फोन स्पीकरसमोर धरून आवाज भरला आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये त्याचं पृथक्करण काढलं. १०४ हर्ट्झवर पंचमाची तार, जिथे असायला हवी तिथेच (काळी एकचा षड्ज १३८.६, त्याच्या खालचा मंद्र पंचम १०३.९). तिला चिकटून १०० हर्ट्झवर आणखी एक सुळका. तो फाइलमध्ये नव्हता. तो आमच्या भिंतीतून आला होता.

आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्या गुणगुणीत ५० बरोबर १०० आणि १५० ही असतात. आमच्या लहान स्पीकरांतून ५० फारसा निघत नाही, १०० मात्र निघतो. १०० आणि १०४ एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे बसतात. अण्णांना ऐकू आलेलं झुलणं ते हेच. मला ते सांगेपर्यंत ऐकूच आलं नव्हतं. तंबोऱ्याच्या जवारीत ती गुणगुण विरघळून गेली होती.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. लॅपटॉपचा चार्जर काढला, बॅटरीवर ठेवला: १०० चा सुळका गायब. चार्जर तीन पिनांचा, अर्थला जोडलेला. ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगमध्ये, तोही अर्थला. यूएसबीतली ग्राउंडची तार दोघांना सांधते आणि एक बंद फेरा तयार होतो. जुन्या घरात दोन प्लगांची अर्थिंग क्वचितच एका पातळीवर असते; तेवढ्या फरकावर त्या फेऱ्यातून प्रवाह वाहतो आणि ॲम्प्लिफायर तो इमानदारीने मोठा करून दाखवतो.

इलाज: यूएसबीऐवजी ऑप्टिकल. काचेतून किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे फेरा तुटतो. डबीने तेही साधलं. यूएसबी आयसोलेटर मिळतात, पण स्वस्तातले बहुतेक १२ मेगाबिटवर अडतात.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. चार्जरची अर्थची पिन तोडून गुणगुण थांबवणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीही करू नये. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांच्या पत्र्याला हात लावून झटका बसलेले लोकही मीच पाहते.

डॉक्टरांच्या "कोरडा आवाज" या तक्रारीमागे कित्येकदा अशी गुणगुण असावी असं आता वाटतं. तक्रार खरी. दोष संगणकाच्या आकड्यांत नाही, त्याच्या विजेच्या जोडणीत आहे.

संध्याकाळी ऑप्टिकलवर पुन्हा तीच फाइल. अण्णांनी मान डोलावली आणि काही बोलले नाहीत.

४ मे

आठवडाभर लॅपटॉप दिवाणखान्यात. तीन घटना.

मंगळवारी आलाप चालू असताना खाली कसलीशी सूचना आली आणि टुंग वाजलं. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये असं व्हायला नको, पण आदल्या रात्री मुलीने शाळेचा व्हिडिओ बघायला सेटिंग बदललं होतं. अण्णा म्हणाले, "आतां कोण आयलो मदीं?"

गुरुवारी मी दुकानात असताना लॅपटॉपने अपडेट घातलं आणि स्वतःला पुन्हा चालू केलं. अण्णा तास दीड तास गप्प बसून राहिले, गाणं परत सुरू होईल म्हणून.

शनिवारी उकाडा, आणि लॅपटॉपचा पंखा असा घरघरला की अण्णांनी विचारलं पाऊस आला काय.

आवाजाच्या बाबतीत लॅपटॉप पास झाला. घरात ठेवण्याच्या बाबतीत नापास. हे दोन वेगळे पेपर आहेत, आणि वाद घालणारे ते एकत्र तपासतात म्हणून वाद मिटत नाही.

११ मे

डॉक्टर स्वतः गाडीने स्ट्रीमर घेऊन आले. ॲल्युमिनियमचं जाड खोकं, उचलायला दोन हात लागतात. पोह्यांनंतर कामाला लागलो.

आधी त्यांच्या पद्धतीने: स्ट्रीमरचा स्वतःचा ॲनालॉग आवाज एका बाजूला, लॅपटॉप आणि आमचा डॅक दुसऱ्या बाजूला. सगळ्यांना स्ट्रीमर आवडला. मलाही. जास्त भरलेला, जास्त जवळचा. मग १ किलोहर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मीटर धरला: लॅपटॉपच्या वाटेने २.०० व्होल्ट, स्ट्रीमरचे २.२०. म्हणजे ०.८ डेसिबल जास्त. एवढा फरक कानाला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. दुकानात दोन यंत्रं शेजारी ठेवून दाखवतात तेव्हा हे कोणी जुळवून घेतं का, हे विचारायला हवं.

म्हणून खरी चाचणी दोन्हींना एकाच डॅकवर आणून केली. स्ट्रीमर ऑप्टिकलने, लॅपटॉप यूएसबीने, बॅटरीवर, दाराआड, म्हणजे पंख्याचा आवाज नको. आमचा डॅक असिंक्रोनस यूएसबीचा आहे. त्यात घड्याळ डॅकचं चालतं. संगणकाने फक्त मागितले तेव्हा आकडे द्यायचे. संगणकाच्या घड्याळाचा थरथराट आवाजात उतरायला जागाच राहत नाही.

मुलगी दाराआड नाणं उडवून कुठलं लावायचं ते ठरवत होती आणि वहीत लिहीत होती. प्रत्येकी सोळा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांच्या आत असते, म्हणून बाराची अट ठेवली.

अण्णा नऊ. डॉक्टर आठ. मी सात.

चार हर्ट्झचं झुलणं ज्या कानांनी पकडलं त्या कानांना इथे फरक सापडला नाही. एवढ्यावर जगातल्या सगळ्या यंत्रांचा निकाल लागत नाही. आमचा डॅक, आमची खोली, आमचे तिघांचे कान एवढीच त्याची हद्द. पण माझ्यापुरता निकाल लागला.

डॉक्टरांनी दिलदारपणे मान्य केलं. वर एक गोष्ट सांगितली जी मी लिहून ठेवते आहे: त्यांच्या कपाटात आणखी एक स्ट्रीमर आहे, तोही महागाचा. कंपनीने त्याची ऑनलाइन सेवा बंद केली आणि तो मुका झाला. हार्डवेअर ठणठणीत.

हा स्ट्रीमर त्यांनी चवथीपर्यंत आमच्याकडे ठेवायला दिला.

१८ मे

यंत्राचं काम नाही. अण्णांना कुर्डीला जायचं होतं. साळावली धरणाचं पाणी मे महिन्यात उतरतं तेव्हा गाव वर येतं, सोमेश्वराचं देऊळ आणि घरांचे चौथरे दिसतात. मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. अण्णा चौथऱ्यांवर हात फिरवत चालले. मी फोनवर चार मिनिटं नुसता वारा आणि टिटव्या भरून आणल्या.

२६ मे

पाऊस यंदा मेमध्येच आला. काल रात्रीपासून चारदा वीज गेली.

गेल्या आठवड्यात रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आणला होता, पुढे त्यालाच नुसतं "पाय" म्हणते (२ जीबीचा, पंख्याशिवायच्या ॲल्युमिनियमच्या डबीत, ती डबीच उष्णता बाहेर टाकते). त्यावर संगीतासाठी केलेली एक प्रणाली घातली होती. चौथ्यांदा वीज गेली आणि नंतर तो उठलाच नाही. मेमरी कार्डावर लिहीत असतानाच वीज तुटली आणि फाइलींची मांडणी मोडली.

इथे संगणकाची खरी दुखरी नस आहे. संगणकाला बंद करायला सांगावं लागतं. अण्णा टेपरेकॉर्डरचा प्लग काढायचे आणि झोपायला जायचे. जे यंत्र प्लग काढल्यावर रुसतं ते आमच्या घरात, आमच्या पावसाळ्यात टिकणार नाही.

यूपीएस लावू शकते, दुकानच माझं आहे. पण मग यंत्रासाठी यंत्र. नको.

८ जून

पायवर पायकोअरप्लेअर ही दुसरी संगीताची प्रणाली घातली. ही सुरू होताना सगळी रॅममध्ये चढते आणि मग कार्डावर काही लिहीत नाही. प्लग वीस वेळा ओढला, गाणं चालू असताना, सुरू होत असताना, मधेच. वीसही वेळा पाय उठला.

त्याच पायवर लिरिऑन म्युझिक सर्व्हर, म्हणजे फाइलींची यादी ठेवून त्या वाजवायला देणारं सॉफ्टवेअर. याची गोष्ट डॉक्टरांच्या कपाटातल्या मुक्या खोक्याच्या उलट आहे. २००१ साली स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने स्लिमपीथ्री नावाचं यंत्र काढलं, त्यातून पुढे स्क्वीझबॉक्स आले. २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी घेतली, २०१२ मध्ये ती मालिका बंद केली. पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर पहिल्यापासून खुलं होतं, म्हणून लोकांनी ते चालू ठेवलं. २०२४ मध्ये त्याचं नाव लिरिऑन झालं. बंद पडलेल्या यंत्राचं सॉफ्टवेअर अजून जिवंत आहे, अंगात बळ आहे. माझ्या नंतर हे कोणी चालवायचं झालं तर मला असंच काही हवं.

फाइली एसएसडीवर, एसएसडी पायलाच जोडलेली. आधी फाइली आतल्या खोलीतल्या संगणकावर ठेवून वायफायने मागवायचा विचार होता. पण घर चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. राउटर सोप्यावर, दिवाणखान्यात दोन काड्या, आतल्या खोलीत काहीच नाही. माळ्यावरून केबल ओढता आली असती, पण आमच्याकडे जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा लांब केबल हा धोकाच. फाइली यंत्राजवळ असल्या की इंटरनेट असो नसो, अण्णांचं अडत नाही.

पायचा अडॅप्टर दोन पिनांचा, त्याला अर्थ नाही, म्हणून यूएसबीने जोडूनही फेरा पुरा होत नाही. म्हार्दोळची फाइल लावून अण्णांना विचारलं. पंचम जागेवर. शेजाऱ्यांच्या रिसीव्हरवर डीटीएसची फाइलही पास.

खर्च आत्तापर्यंत साडेअकरा हजार.

२२ जून

तीन आठवडे नावं घालण्यात गेले. यावर कोणी बोलत नाही, आणि मला तर हाच सगळ्यात मोठा भाग वाटतो.

संगणक असो की स्ट्रीमर, सगळ्यांच्या डोक्यात एकच साचा: कलाकार, अल्बम, गाणं. आमच्या कॅसेटीत पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू, तिच्यात एक राग, विलंबित आणि द्रुत, मधे कोणीतरी पान लावतंय. गाणं कुठलं? अल्बम कुठला? बराच विचार करून असं ठरवलं: अल्बमच्या जागी बैठकीचं ठिकाण आणि साल. कलाकार म्हणजे गाणारा. साथीदार परफॉर्मरच्या खान्यात. राग जॉनरच्या खान्यात, कारण यादी लावताना तो खाना सगळे प्लेअर दाखवतात. फ्लॅकमध्ये "राग", "ताल" असे स्वतःचे खाने करता येतात, तेही केले आहेत. प्लेअर ते दाखवत नाहीत, पण फाइलीत माहिती राहील. बाजू बदलताना तुटलेली जागा जोडली नाही. फीत संपली तिथे संपली.

फ्लॅकमधली अक्षरं युनिकोडमध्येच असतात, म्हणून देवनागरीचा प्रश्न येणार नाही असं वाटलं होतं. आला. अण्णांनी तंबोरा धरलेल्या बैठकी शोधायला "तंबोऱ्यावर" असा शब्द टाकला तर अर्ध्याच आल्या. दोन दिवस कळेना. "ऱ्या" हे अक्षर दोन प्रकारे साठवता येतं: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. पडद्यावर सारखीच. फोनवर टाइप केलेली एक, लॅपटॉपवर टाइप केलेली दुसरी. यंत्राला ती वेगवेगळी अक्षरं. सगळीकडे पहिली पद्धत करून घेतली. "मोगुबाई" आणि "मोगूबाई" अशा दोन गायिकाही यादीत उभ्या राहिल्या होत्या, त्या एक केल्या.

सतरा कॅसेटींची लेबलं बुरशीने गेलेली. त्या अण्णांनी ओळखल्या. रोज रात्री एक. गाणारा आणि राग ते लगेच सांगायचे, ठिकाणासाठी थांबायचे. एका फाइलीत त्यांनी मला गाण्याच्या मागचं ऐकायला लावलं. बेबे (बेडूक) ओरडत होते, आणि आवाज जरा घुमत होता. "नागेशी," अण्णा म्हणाले. "तळीवरचे बेबे." मग पाऊस नुकताच सुरू झालेला, म्हणजे जून, आणि तबल्यावर अमुक, म्हणजे ते मुंबईला जायच्या आधी. साल मिळालं.

ही माहिती दुसऱ्या कुठल्याच यंत्रात नाही. ती आधी उतरवून घ्यायला हवी होती, कॅसेटींच्याही आधी.

६ जुलै, आषाढी

आता हात. पडदा नको, फोन नको. एक बटण, जे फिरतं आणि दाबलं जातं.

रोटरी एन्कोडर पायच्या पिनांना जोडला. पिना ३.३ व्होल्टच्या, ५ दिले तर पिन जळते, हे स्वतःला बजावून. पहिल्याच फिरवण्यात घोळ: एक खट्ट फिरवलं की यादी तीन पुढे उडायची. आतले धातूचे संपर्क टेकताना क्षणभर उसळतात आणि पाय ती प्रत्येक उसळी मोजतो. दोन्ही तारांवर १० किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, उसळ्या त्यात मुरल्या. आता एक खट्ट, एक कॅसेट.

पण अण्णांना कळणार कसं कुठली आली ते? मुलीने तोडगा काढला. तिने प्रत्येक कॅसेटचं नाव स्वतःच्या आवाजात भरलं: "चौदा. म्हार्दोळ. पूरिया." बटण फिरवलं की ही घोषणा वाजते, दाबलं की ती कॅसेट सुरू होते. ९८ घोषणा (मधल्या काळात सात कॅसेटी आणखी उतरल्या). दोन दुपारी गेल्या, घसा बसला, पण एकही दुसऱ्या कोणाला भरू दिली नाही.

बटण ॲम्प्लिफायरच्याच आवाजाच्या बटणाएवढं मोठं घेतलं होतं. अण्णा दोन्हींत गोंधळले. म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. रबर म्हणजे कॅसेट, धातू म्हणजे आवाज.

२० जुलै

दोन आठवडे वापर. तक्रारी दोन. सुरू व्हायला अर्ध्या मिनिटावर वेळ लागतो आणि तेवढ्यात काही झालं की नाही ते कळत नाही. तयार झाल्यावर मुलीचा "बसा अण्णा" असा आवाज लावला. दुसरी: तिच्या घोषणा गाण्यापेक्षा मोठ्या होत्या, त्या सहा डेसिबलने खाली आणल्या.

३ ऑगस्ट

डॉक्टरांचा स्ट्रीमर परत करायला मडगावला. जाताना वास्कोला थांबलो, अण्णांना भजन ऐकायचं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, मग माझं खोकं वाया गेलं म्हणायचं? मी मनापासून सांगितलं, नाही. त्यांचं यंत्र ज्या दिवशी घेतलं त्या दिवसापासून काही न करता चालतं. पंखा नाही, अपडेटची मनमानी नाही, गुणगुण नाही. त्यांना सोल्डरिंग येत नाही आणि यायची गरज नाही. ते पैसे त्या स्वस्थतेचे आहेत, आणि सत्तरीच्या माणसाने ती विकत घ्यावी हे मला पटतं. सुरांत जास्त काही मिळतं असं मात्र मी म्हणणार नाही. तेवढे पैसे माझ्याकडे असते तर मी स्पीकर बदलले असते, आणि खोलीत जाड पडदे लावले असते. आमच्या दिवाणखान्यात टाळी वाजवली की ती चिऱ्यांवरून परत येते. तो फरक सोळापैकी सोळा वेळा कळेल.

लॅपटॉपचं काय, तर तो उतरवण्याच्या कामाला उत्तम आहे. तिथे पडदा लागतो, कीबोर्ड लागतो, मधेच थांबून नाव बदलावं लागतं. १४ ऑक्टोबरला विंडोज १० ला मिळणारी नेहमीची अपडेट बंद होतात, तेव्हा त्यावर लिनक्स घालीन.

२४ ऑगस्ट

बुधवारी चवथ. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं) सामान येऊन पडलं आहे, मुंबईची मंडळी उद्या.

पहाटे पाचला जाग आली. दिवाणखान्यातून मुलीचा आवाज, बारीक: "एकवीस. कवळे. ललत." मग खट्ट. "बावीस. बांदोडा. तोडी." मग गाणं. मला कोणी हाक मारली नव्हती. मी अंथरुणातच पडून ऐकलं.

चहाच्या वेळी अण्णा म्हणाले, "बावीस नंबर उतरलेली आहे. गुरुजी काळी एकच्या खाली गायले नाहीत कधी."

या वेळी गुणगुण नव्हती. तपासलं: षड्ज १३४.६ वर आहे, १३८.६ ला हवा. जवळजवळ तीन टक्के संथ. बावीस ही बुरशी पुसून काढलेल्या कॅसेटींपैकी. फीत चिकटत असणार आणि डेक ओढताना मागे पडला असणार. संगणकात वेग वाढवून षड्ज जागेवर आणता येईल, पण चिकट फितीचा वेग एकसारखा नसतो, शेवटाकडे आणखी बिघडला असेल. कॅसेट दोनदा पूर्ण पुढेमागे फिरवून पुन्हा भरायची. पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) स्पिरिटने पुसायचा. त्याच डब्यातल्या १९, २३ आणि ३१ पण ऐकून बघायच्या, अण्णांना शेजारी बसवून.